वाकडं करून देणारी

"कितवीत आसा?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, "हात खंयचो? उजवो काय डावो?" आणि तिसरा, "पोर शांत आसा काय धसमुसळा?" या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नसे. समोर उभी असलेली आई गडबडून जायची. आपण शाळेच्या प्रकल्पासाठी करवंटीचं कासव करून घ्यायला आलोय, पोराला डॉक्टरला दाखवायला नव्हे, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

तुमच्या गावातही अशी एक बाई असणार. नसली तर मुलाला टीव्हीपुढे बसवून तुम्ही स्वतःच पुठ्ठे कापत असाल. शाळेने मुलाला काहीतरी करून आणायला सांगायचं, ते घरच्यांनी करायचं, मुलाने पिशवीतून आणायचं आणि गुरुजींनी मुलाची पाठ थोपटायची, हा आपल्याकडचा रिवाज आहे. त्यातला पाठ थोपटणारा तो मी. तोंडवलीच्या अलीकडच्या एका गावात चौथीपर्यंतची शाळा होती, एक हेडबाई आणि एक मी. मालवणहून रोज मोटरसायकलने यायचो आणि घंटा झाली की निघायचो, त्यामुळे गाव मला जेवढं रस्त्यावरून दिसतं तेवढंच ठाऊक होतं.

ती राहायची शाळेच्या खालच्या अंगाला, उतरत्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवर. सगळे तिला पाखाडीवरची म्हणत. नवरा गोव्यात कामाला, चतुर्थीला आणि शिमग्याला तेवढा यायचा. घरी ती आणि तिची मुलगी तन्वी. तन्वी तिसरीत, माझ्याच वर्गात.

बाईचं तोंड कायम कारलं चावल्यासारखं. येणाऱ्या आयांना ती बसा म्हणायची, पण पुढचं ऐकून त्यांना उठावंसं वाटायचं. "तुमच्या पोराक हात आसत मा?" असं ती विचारायची. एखादी म्हणाली, "अगो, पण वेळ खंय आसा?" तर ती मान न उचलता म्हणे, "होय तर. टीव्हीवरच्यो शिरेली तरी किती बघूच्यो." बायका हे ऐकून घेत, कारण काम तिच्याशिवाय होत नसे. परत जाताना पाखाडीच्या तळाला तिला शिव्या घालत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चढून येत.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडायचा. 'आमच्या पिल्लूने स्वतः बनवलं.' खाली हात जोडल्याची चार चिन्हं आणि इतर अकरा आयांच्या टाळ्या. फोटोत पिल्लूचा फक्त अंगठा दिसायचा. सगळ्यांना सगळं ठाऊक असताना इतक्या निष्ठेने टाळ्या वाजवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

स्वतःच्या मुलीला मात्र ती काही करून देत नसे. तन्वीला ती पडवीत माडाची पात घेऊन बसवायची. एक वर, एक खाली, एवढं एकदा दाखवायची आणि आपल्या कामाला लागायची. चुकलं की लांबूनच सांगायची, "उसव. माका दाखवा नको, तुझा तू बघ." हात लावत नसे. चार वर्षांची असल्यापासून ती मुलगी विणत होती आणि उसवत होती. शेजारणी म्हणायच्या, लोकांच्या पोरांचं करून देते आणि आपल्या पोरीला राबवते, काय म्हणावं या बाईला. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "माझ्या चेडवाक हात आसत."

यातलं बरंचसं मला नंतर कळलं. तेव्हा कानावर एवढंच होतं की ती मुलांची कामं करून देते. मला तिची चीड होती. एकदा गावच्या देवळात तिने माडाच्या पातींची आरास केली होती, ती मी पाहिली होती. एक पात इकडची तिकडे नव्हती. त्यावरून मी ठरवून टाकलं की हिचा हात मी कुठेही ओळखेन.

ओळखण्याचं तर मी रीतसर शिक्षण घेतलं होतं. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की मुलाने स्वतः केलेली वस्तू कधी सुबक नसते. डिंक रेघेबाहेर येतो. एक डोळा वर, एक खाली. कात्री मध्येच दमते. मी हे वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि त्या दिवसापासून स्वतःला मोठा पारखी समजू लागलो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

त्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, 'टाकाऊतून टिकाऊ' असं प्रदर्शन होतं. शाळेतून एक वस्तू आणि ती करणारं मूल पाठवायचं होतं. तन्वीला ओरोसला जायचं होतं. कोणी काही विचारण्याआधीच तिने मला दोनदा विचारलं होतं, "गुरजी, थय जीपीन जावचा काय?" एरवी ती स्वतःहून बोलणाऱ्यातली नव्हती. मी वर्गात बजावलं, घरच्यांनी केलेली वस्तू मी बाहेर फेकणार. आणि मनात म्हटलं, या खेपेला पाखाडीवरचीला पकडतोच.

टेबलावर बारा वस्तू आल्या. आर्याचं करवंटीचं कासव होतं. त्याला काजूच्या बीचं डोकं आणि शिंपल्यांचे पाय. एक पाय आखूड, पोटाखाली डिंक ओघळलेला, चेहरा असा की कुणीतरी नुकतंच रागावलंय. मला ते बघताक्षणी आवडलं. मी हेडबाईंना म्हणालो सुद्धा, "बघा, याला म्हणतात मूल." बाकीच्या वस्तूही अशाच, जिची तिची वेगळी चूक. बारावी तन्वीची टोपली. सुकल्या पातीची, झाकणासकट. झाकण टोपलीवर असं बसत होतं की फिरवलं तर अडकू नये आणि उलटं केलं तर पडू नये.

मी टोपली सगळ्या वर्गाला दिसेल अशी वर धरली. म्हणालो, "तन्वी, आईने केलेलं आणायचं नसतं. बस खाली."

"माजी आसा गुरजी," ती म्हणाली.

"आईची दिसते हो," मी म्हणालो आणि हसलो. वर्गात कोणी हसलं नाही. उरलेली अकरा मुलं खाली बघत होती. मला वाटलं, दरारा आहे आपला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावलं. ऑफिसात हेडबाई होत्या आणि शाळा समितीचे अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे आर्याचे वडील. तन्वीला मी दारात उभं केलं होतं, समोरासमोर होऊन जाऊ दे म्हणून. बाई आली. टेबलावरच्या बारा वस्तूंवरून तिने एकदा नजर फिरवली.

"टोपली तिना केल्यान," ती म्हणाली.

"आठ वर्षांची मुलगी असं झाकण बसवते? मी वीस वर्षं मुलं बघतोय."

"तिनाच केल्यान."

मला राग आला. मी म्हणालो, "ठीक आहे. उद्या बाराही मुलांना माझ्यासमोर बसवतो. ज्याने त्याने आपली वस्तू पुन्हा करून दाखवायची. दूध का दूध होऊ दे."

अध्यक्षांनी खिडकीतून बाहेर काहीतरी बघायला सुरुवात केली. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, कासवाकडे पाहिलं, मग पुन्हा त्या सगळ्या वस्तूंकडे. मग म्हणाली, "कोणाक बसवा नकात. टोपली माझी आसा. मी केलंय ती."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

ती दारातल्या तन्वीकडे न बघता, तिच्या अगदी अंगावरून, बाहेर निघून गेली. अध्यक्ष मला म्हणाले, "गुरुजी, नजर आसा हो तुमची." मी घरी जाऊन बायकोला हे सगळं सांगितलं, जेवताना, रंगवून.

कासव ओरोसला गेलं आणि त्याला दुसरं बक्षीस मिळालं. शिक्षण खात्याच्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटो फ्रेम करून ऑफिसात लागला. पुढे कोणी पाहुणे यायचे होते. मी आर्याला म्हटलं, त्यांना द्यायला असंच एक कासव कर.

"ता माका येणा नाय," आर्या म्हणाली.

"येत नाही म्हणजे? मग बक्षीस कोणी मिळवलं?"

"कासवान," ती म्हणाली. चेष्टा नव्हती ती. तिला खरंच तसं वाटत होतं. मी विचारलं, कासव कोणी केलं, तर तिने सरळ सांगितलं, तन्वीच्या आवशीन, म्हणजे आईने. मग बाकीच्यांना विचारलं. मोर? तन्वीच्या आवशीन. होडी? तन्वीच्या आवशीन. अकराच्या अकरा. तन्वी त्या दिवशी आली नव्हती. मी विचारलं, "आणि टोपली?" मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं की गुरुजींना एवढंही कळत नाही. "ती तन्वीन केल्यान. ती आमका पातीच्यो पिपाण्यो पण करून देता."

शाळा सुटल्यावर मी पाखाडी उतरलो. ती दारापुढच्या खळ्यात बसली होती, कागदाचा कंदील कापत. कात्री डाव्या हातात. मी काही म्हणायच्या आत तीच बोलली, "चौथीतलो आसा. डावखुरो." कंदील सुंदर झाला होता. मग माझ्या देखत तिने एक कोपरा चुरगळला, एक पट्टी काढून तिरकी लावली, अंगठ्याने डिंक फासला आणि लांब धरून बघितला. हे करताना ती जेवढी मन लावून होती तेवढी मी आयुष्यात फळ्यावर लिहिताना झालो नसेन.

"आधी बरा करूचा लागता, मगे मोडूचा," ती म्हणाली. "तुमी वाकडा बघून खूश जातास. सरळ दाखयला तर चोर म्हणालास."

मी विचारलं, टोपली तुमची आहे असं का सांगितलंत.

"अकरा पोरांका बसयतलंय म्हणालास तुमी. तेंका येतला काय? सगळ्यांच्या समोर रडली असती ती." आणि कात्री खाली न ठेवताच म्हणाली, "माझा चेडू घराकडे येवन रडला. एकटाच."

मी म्हणालो, "उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक आयांकडे पाहायची तसंच पाहिलं.

आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ऑफिसात बक्षिसाचा फोटो होता, अध्यक्ष शाळेच्या कौलांचं बघत होते, साहेबांची शाबासकी ताजी होती. रोज वर्गात शिरताना म्हणायचो, आज सांगू, आणि पाढे घ्यायचो. त्या आयांना मी इतका वेळ नावं ठेवली, पण निदान त्या पोरासाठी खोटं बोलत होत्या. मी माझ्यासाठी गप्प बसलो. आजही ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते. तन्वीने त्यानंतर वर्ष संपेपर्यंत शाळेत काही करून आणलं नाही. "विसारलंय," म्हणायची आणि जागेवर बसायची.

पाखाडीवरचीनेही आयांची कामं बंद केली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मे महिन्यात ती तन्वीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. सावंतवाडीला नणंदेकडे जाणार होती. तिथे लाकडी फळं रंगवायचं काम मिळालं होतं. "थय सरळ केलेला चलता," एवढंच म्हणाली.

हेडबाई मीटिंगला गेल्या होत्या. ऑफिसात आम्ही तिघंच. मी दाखला लिहिला, शिक्का मारला. मग धीर करून तन्वीला जवळ बोलावलं आणि म्हणालो, "तन्वी, ती टोपली तुझीच होती. मला कळलंय. माझं चुकलं हो, बाळा."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. "नाय गुरजी," ती म्हणाली. "ती आयेची."

"अगं, मला माहीत आहे, तूच..."

"आयेन सांगल्यान मा तुमका. तिची म्हणान."

मी तिच्या आईकडे पाहिलं. तिने दाखल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मुलीच्या डोक्यावर ठेवायला तिने हात उचलला, तोवर मुलगी दाराबाहेर गेली होती.

दोघी पाखाडी उतरून रिक्षाकडे गेल्या. मुलगी पुढे आणि आई बरीच मागे.