पाकटाचा काटा

मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा बीदरजवळच्या आमच्या जनवाडा गावात समुद्र पाहिलेलं माणूस नव्हतं. पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर मांजरा नदीचं, आणि उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. आमच्या गल्लीतल्या घरांनी बौद्ध धम्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती. त्या घरांतून बीदरच्या कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने परत. बसमध्ये जागा मिळाली की बसायचं, कुणी तोंड वाकडं केलं तर खिडकीबाहेर बघायचं. मला ते चांगलं जमत होतं.

प्राणिशास्त्राच्या बाई उंच होत्या, कडक खळीची सुती साडी नेसायच्या आणि वर्गात कधी खुर्चीवर बसायच्या नाहीत. प्रयोगशाळेच्या कपाटात त्यांनी बरण्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत समुद्री साप, एकीत पांढरीफटक झालेली जेलीफिश, एकीत पाकट. पाकट म्हणजे चपटा, गोधडीच्या तुकड्यासारखा मासा. शेपूट चाबकासारखं आणि त्यावर करवतीच्या दात्यांचा काटा. "याच्या काट्यावरच्या कातडीत विष असतं," बाई म्हणायच्या. "पण हा मेलेला आहे. जिवंत बघितल्याशिवाय तुम्हाला याची कदर कळायची नाही." त्यांनीच प्राचार्यांच्या मागे लागून कारवारची सहल ठरवली.

घरी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढे होती. ती भाकरी जोरात थापायला लागली. आप्पा दुसऱ्याच्या रानातून नुकतेच आले होते, पाय धुत होते.

"समुद्रात इच्चू असत्यात का गं?" त्यांनी विचारलं.

"इच्चवापेक्षा वंगाळ असत्यात."

"मग कामून जायलीस?"

"बघायला."

आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलने पाय पुसले. "मग नीट बघून ये," म्हणाले. मायने माझ्याकडे पाहिलं नाही, पण सकाळी निघताना दशम्यांचं गाठोडं हातात दिलं. आठवडाभर पुरेल एवढं.

भाड्याच्या बसने आम्ही गुलबर्गा, विजापूर, हुबळी करत घाट उतरलो. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळे एका बाजूच्या खिडक्यांवर गोळा झाले. मला तो आभाळाचाच खालचा भाग वाटला. मग त्यात एक होडी दिसली आणि माझं डोकं ठिकाणावर आलं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मासेमार रापण ओढत होते. दोन्ही टोकांना माणसं दोर धरून मागे मागे सरकत होती आणि अर्धगोल जाळं हळूहळू वाळूकडे येत होतं. जाळं वर आलं तसा चांदीसारखा तडफडाट झाला. बाईंनी आम्हाला काठीभर अंतरावर उभं केलं. जाळ्यात एक साप होता, त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी. एका मासेमाराने तो काठीवर उचलून पाण्यात भिरकावला.

"हा चावला तर दुखत नाही, सूजही येत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मग काही वेळाने अंग आखडतं, जबडा उघडत नाही, लघवी काळपट होते. न दुखणारा चावा हा जास्त वाईट, हे लक्षात ठेवा."

वर्गातल्या एका मुलीने वाळूतला निळा फुगा उचलायला हात पुढे केला. बाईंनी तिचं मनगट धरलं. तो जेलीफिशसारखाच प्राणी होता, त्या फुग्याखाली निळे दोरे लोंबत होते. वाळूवर मरून पडलेल्या फुग्याचे दोरेसुद्धा चाबकासारखे डसतात, हे आम्हाला तिथे कळलं. नक्षीदार शंखांच्या बाबतीतही त्यांनी बजावलं. काही शंखांच्या आतल्या जनावराकडे बाणासारखा विषारी दात असतो, म्हणून रिकामा आहे असं दिसल्याशिवाय एकही शंख ओटीत टाकायचा नाही. मग त्या आम्हाला गुडघाभर पाण्यात घेऊन गेल्या.

"पाऊल उचलून टाकायचं नाही. वाळूवर घासत चालायचं. पाकट वाळूत अंग पुरून बसतो. पाय घासत आला की तो निघून जातो, अंगावर पडला की शेपूट मारतो."

आम्ही सगळे रांगेने पाय घासत निघालो. एक मोठी लाट आली. माझी साडी वर उडाली, मी तिच्यासाठी वाकले आणि पाण्याने मला उचलून बाजूला टाकलं. पाऊल खाली टेकलं ते मऊ, गिळगिळीत काहीतरी होतं. ते माझ्या टाचेखालून सरकलं आणि घोट्याजवळ कुणीतरी तापलेली सळई खुपसल्यासारखं झालं.

इच्चू मला लहानपणी डसला होता, कडब्याच्या गंजीत. त्या दुखण्याची मला ओळख होती. हे त्याच्या पुढचं होतं. ते पायातून मांडीत आणि मांडीतून पोटात उसळत होतं, आणि प्रत्येक उसळीला वाढत होतं. मला वर्गातल्या दोघींनी वाळूवर आणलं तेव्हा घोट्यातून रक्त वाहत होतं आणि जखमेच्या कडा राखाडी पडल्या होत्या.

"रस्सी बांधो, जहर ऊपर चढता!" वर्गातला एकजण ओरडला. दुसऱ्याने रुमालाची पट्टी फाडलीसुद्धा.

"काही बांधायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातल्यासारखाच होता. त्यांनी समुद्राच्याच पाण्याने जखम धुतली, निरखून पाहिली. "काट्याचा तुकडा आत आहे. तो दवाखान्यात काढतील, आपण उपटायचा नाही. आधी गरम पाणी पाहिजे. सोसवेल तेवढं गरम."

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला माडाच्या झावळ्यांची झोपडी होती. तिथल्या बाईने चुलीवर पेजेचं आधण ठेवलं होतं. आमच्या बाईंनी तिला कन्नडमध्ये दोन वाक्यांत सांगितलं. तिने एक शब्द न विचारता पातेलं उतरवलं, गार पाणी घालून समोर ठेवलं. बाईंनी आधी स्वतःचं कोपर त्यात बुडवून पाहिलं.

मी पाय मागे घेतला. दुखण्याने दातखीळ बसत होती, तरी घेतला. आमच्या गावच्या हॉटेलात आम्हा लोकांची कपबशी अजून वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात असायची. आणि इथे कुणाच्या तरी अन्नाच्या भांड्यात माझं रक्ताळलेलं पाऊल.

"बाई, त्यांचं स्वयंपाकाचं भांडं आहे," मी म्हणाले.

बाईंना कळलं. त्या काही बोलायच्या आधी त्या झोपडीतल्या बाईनेच माझा पाय गुडघ्याखाली धरला. "आयदन घासूंक जाता गो. पांय घाल आदीं." भांडं घासता येतं, आधी पाय घाल. एवढी कोकणी मला तेव्हाही समजली. मी पाय घातला.

गरम पाण्याने आधी जीव जातो असं वाटलं. मग हळूहळू ती उसळी उतरायला लागली. पाणी निवलं की झोपडीतली बाई चुलीवर तापवलेलं नवं ओतायची आणि बाई कोपर बुडवायच्या. "अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने घट्ट होतो ना? हे विष तशाच जातीचं आहे. उष्णतेने मोडतं," त्या भोवती जमलेल्या मुलांना सांगत होत्या. माझ्या पायावर तास चालला होता. मला त्याचं हसू आलं, आणि हसू आलं तेव्हा माझी मला खात्री पटली की मी यातून नीट निघणार.

दवाखान्यात डॉक्टरांनी काट्याचा तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "हिला कुणासोबत तरी घरी पाठवू या का?" सहलीला सोबत आलेल्या एका सरांनी विचारलं.

"मी जाणार न्हाई," मी म्हणाले. "सहल संपली की सगळ्यांबरोबर जाईन."

बाई म्हणाल्या, "ती म्हणते तसं."

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी बँडेज कोरडं राहील एवढ्या अंतरावर, ओल्या वाळूत उभी राहिले. भीती होती. पण तिचा आकार आता मला माहीत होता, आणि माहीत असलेल्या गोष्टीला मी घाबरून पळत नाही.

घरी मायने बँडेज पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आप्पांनी मला ओट्यावर बसवून सगळं विचारून घेतलं. मासा केवढा, काटा कुठे, गरम पाणी कशाला. शेजारचे गोळा झाले. पातेल्याचं ऐकून एक म्हातारी म्हणाली, "तिला तुझी जात ठाऊक नसंल."

"तिनं इचारलीच न्हाई," मी म्हणाले.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षेला धारवाडहून परीक्षक आले. तोंडी परीक्षेत त्यांनी बरणीतल्या पाकटावर बोट ठेवून विचारलं, "याचा दंश झाल्यास लक्षणं काय?" मी सांगत गेले. कडा राखाडी पडतात, दुखणं उसळ्या घेत मांडीपर्यंत चढतं, पोटात मळमळतं. त्यांनी चष्मा वर केला.

"हे पुस्तकात एवढं नाही. कुठे वाचलंस?"

मी चप्पल काढली आणि घोटा दाखवला. ते खुर्चीवरून उठून वाकून बघायला लागले. मग जागेवर बसले, आणखी बरंच काही विचारलं, पण आता ते परीक्षेसारखं नव्हतं. आपल्याला खरंच जाणून घ्यायचं असतं तेव्हा माणूस विचारतो तसं होतं.

त्या विषयात मी कॉलेजात पहिली आले. पुढे चिटगुप्प्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले तेव्हा पहिल्या पगाराच्या महिन्यात आप्पा मला शाळेत बघायला आले. वर्ग चालू होता. ते दाराशी थांबले, तेव्हा मी त्यांना आत बोलावलं आणि मुलांच्या शेवटच्या बाकावर बसवलं. घंटा होईपर्यंत ते ताठ बसून ऐकत होते.