गयाबाईंना न विचारलेले प्रश्न

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सरांना – सरांना तर सांगायलाच हवं होतं.

सर अमरावतीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. मी सातवीतून शाळा सुटलेला, रत्नागिरीच्याही खालचा, पोट भरायला इतक्या लांब आलेला. अक्षर बरं, एवढ्यावर त्यांनी मला कामाला घेतलं आणि राजापेठेत खोली पाहून दिली. हे काम गेलं तर परत जायला तोंड कुठलं? ही धास्ती सतत असे.

एकोणीसशे साठनंतरची सुरुवातीची वर्षं होती. त्याआधी सर गावात जायचे ते पाटलांच्या ओसरीवर बसायला. दोन-चार जाणत्यांशी बोलायचे, कचेरीतले जुने कागद चाळायचे आणि गावच्या राजकारणावर लेख लिहायचे. मग नवी रीत आली. छापील प्रश्नावली, मतदारयादीतलं दर दहावं नाव, आणि त्या माणसाला त्याच्याच घरी जाऊन विचारायचं. नाव बदलायचं नाही. सर म्हणाले, "आजवर मी पाटलाला विचारून गाव लिहिलं. आता गावालाच विचारू." किती आनंदात होते ते!

निवडणूक होऊन महिना झाला होता. अकोल्याहून एसटीनं तासाभरावरचं गाव. उतरलो पाटलांकडेच – दुसरीकडे कुठे उतरणार? कोतवालानं आदल्या दिवशी नावं निघालेल्यांना घरी थांबायला सांगितलं होतं. सोळा नावं. वरच्या आळीतली नऊ मी नीट भरली. उरलेली सात खालच्या अंगाला, बौद्धांच्या वस्तीतली.

जेवण झाल्यावर उठलो, तर पाटील म्हणाले, "काहून जाता जी तिकडं उनाचे? बसा ना. मले माईत नाई काय, कोन कोनाले मत टाकते? लिवा तुमी."

मी बसलो.

दमलो होतो, हे खरं. पण दमलो म्हणून बसलो का? नाही. पाटलांच्या घरी जेवून त्यांच्या डोळ्यांदेखत त्या वस्तीत जायचं, आणि त्यांना राग आला, त्यांनी सरांना चिठ्ठी लिहिली तर – ही भीती. त्यांनी पान लावलं आणि सात माणसांची मतं सांगितली. मी सात प्रश्नावल्या भरल्या. 'मत देताना कुणाचा सल्ला घेतला?' सातही ठिकाणी – पाटलांचा.

एसटीची वाट बघत उभा होतो, तर पन्नाशीची एक बाई जवळजवळ धावत आली. "भाऊ, मी गयाबाई. कोतवालानं सांगतलं, माहं नाव निंगालं म्हनून. आज रोजी बुडवली, गहू सोंगाले नाई गेली मी."

"तुमचं झालं, बाई. लिहून घेतलंय."

"कोनं लिवून देल्लं? मले त कोनी इचारलंच नाई." मी पिशवी खांद्यावर सारखी केली. तशी ती थोडं हसली. "कागदाले माह्या मनातलं कसं समजलं, भाऊ?"

गाडी यायला अजून अवकाश होता. पिशवीत कोऱ्या प्रश्नावल्या होत्या. तिथेच, उभ्या उभ्या विचारता आलं असतं. मी रस्त्याकडे बघत राहिलो. ती काही वेळ थांबली, मग गेली.

सरांनी प्रश्नावल्या तपासल्या. एकही रकाना रिकामा नाही म्हणून पाठ थोपटली. मग विचारलं, "बायका मोकळेपणानं बोलल्या?" मी म्हणालो, "हो सर."

वर्षभरानं पुस्तिका छापून आली. त्यात एक वाक्य आहे – या गावातले बौद्ध मतदार मत देताना पाटलांचा सल्ला घेतात. सरांना त्याचं नवल वाटलं होतं. धर्म बदलूनही असं कसं, यावर त्यांनी दोन पानं लिहिली. पुढे इतरांनी ती आपापल्या लेखांत घेतली. मी वाचत गेलो. तोंड उघडलं नाही.

पुढे नव्या पोरांना प्रश्नावली भरायला मीच शिकवत असे. एकाचं दुसऱ्याला विचारायचं नाही, असं दरडावून सांगायचो. सर गेले, ते मला प्रामाणिक समजतच गेले.

गयाबाईंनी मत कुणाला दिलं, कुणाच्या सांगण्यावरून, की स्वतःच्या मनानं – मला माहीत नाही. त्या दिवशी त्या सांगायला आल्या होत्या, आणि मी विचारलं नाही.