पितरांच्या घागरीतलं सॅम्पल

गंगूबाईवर अन्याय झाला तो १९६१ सालच्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळच्या पारी, तिच्याच ओसरीवर. तो करणारा कुणी सरकारी माणूस नव्हता. गावचाच पाटील होता, आणि तोही चांगुलपणानं वागत होता. म्हणूनच मला जास्त चीड येते.

मी अकोल्याच्या सरकारी प्रयोगशाळेत असिस्टंट आहे. गावोगावच्या विहिरींचं पाणी आमच्याकडे बाटलीतून येतं. त्याला सॅम्पल म्हणतात. दिवसा मी सॅम्पल तपासतो, संध्याकाळी आमच्या युवक मंडळाची पत्रकं लिहितो. आमचे साहेब म्हणायचे, पत्रकाची भाषा रिपोर्टात आणू नका. मी आणत नव्हतो. इथं आणतो.

गंगूबाईचं गाव तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात. म्हणजे जमीन काळीभोर, कापूस झकास, आणि विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तरी माणसं तेच पितात, कारण दुसरं नाही. वर सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोडं आहे. तिकडची लेक इकडे सून म्हणून आली, की माहेराहून परतताना बैलबंडीत पाण्याची घागर घेऊन येते. बाकीच्या गावच्या लेकी शिदोरी आणतात, इथल्या सुना पाणी आणतात. ते पाणी पाहुण्याला, आजाऱ्याला आणि डाळीला. अखजीला ज्या घागरी भरून पितरांपुढे ठेवतात, त्यांतही तेच.

त्या वर्षी काही खाऱ्या गावांना नळानं गोडं पाणी द्यायचं ठरत होतं. कोणत्या गावांना, हे आमच्या रिपोर्टावरून ठरणार होतं.

त्या गावची बाटली आली. तपासणी सोपी असते. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. जितकं दूध, तितकं मीठ. मी थेंब टाकले. पाणी जेमतेम धुरकटलं. पुन्हा टाकले. तेच.

माझी आत्या त्याच गावात, बौद्धवाड्यात राहते. वाड्याची विहीर वेगळी, गावाची वेगळी. विहिरी दोन, पण खार सारखाच. माझं लहानपण तिच्याकडे, त्याच पाण्यावर गेलं. पुढे शिकायला अकोल्याच्या वसतिगृहात आलो तेव्हा नळाचं पाणी मला फिकं लागलं. वाटलं, यातून काहीतरी काढून घेतलंय. दोन दिवसांनी कळलं, की पाणी असंच असतं. तेव्हापासून जिवाला एकच लागून राहिलंय. हे पाणी एकदा आत्याच्या हंड्यात पडलेलं पाहायचं.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, हे त्या गावचं पाणी नाही.

"बाटलीचं सील फुटलेलं आहे?"

"नाही."

"मग प्रश्न मिटला."

"साहेब, ते गाव खारं आहे."

"मलाही माहीत आहे. मी त्या भागात नोकरी केलीय. पण आपण बाटली तपासतो, गाव नाही."

रिपोर्ट गेला. पाणी पिण्यास योग्य. गाव यादीतून बाद.

रविवारी मी तेल्हाऱ्याची बस धरली, पुढे पायी गेलो. एरवी आत्याकडे येताना वाटेत पाणी मागितलं तर लोक ओंजळीत वरून ओतायचे. लॅबचा माणूस म्हटल्यावर पाटलाच्या ओसरीवर पेल्यात मिळालं. आणि गोडं. तो घोट घशात असतानाच मला काय झालं असेल ते उमगलं.

पाटलानं काही लपवलं नाही. उलट कौतुकानं सांगितलं. ग्रामसेवक बाटली पाटलाच्या हाती देऊन पुढच्या गावाला गेला होता. येताना भरलेली घेऊन जाणार होता. बाटली काचेची, लखलखीत, वर सरकारी चिठ्ठी. पाटील गंगूबाईच्या ओसरीवर गेला, कारण माहेराहून तिची घागर आदल्याच दिवशी आली होती.

"सरकारची बाटली हाय बाप्पा," पाटील म्हणाला. "तिच्यात खारं पानी भरावं का मानसानं? पावन्याले आपन खारं पाजत नाही. मंग सरकारले कावून पाजाव?"

मी म्हटलं, पाटील, त्या पाहुणचारापायी तुमचा नळ गेला.

पाटील हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मग ती तशीच हातात घेऊन मला गंगूबाईच्या घरी नेलं.

गंगूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "पितरायसाठी ठेवली व्हती ते घागर. सरकारचं काम हाय म्हने, म्हून देल्ली. पितर उपाशी, अन् आता आमीबी." तिची सून गरोदर होती. नळ येईल या आशेवर त्या दोघींनी न्हाणीशेजारी हंड्यासाठी दगडी ओटा बांधून घेतला होता. तो तिनं मला दाखवला. कोरडा ठणठणीत होता.

मी गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून सोमवारी साहेबांपुढे ठेवलं. तुम्हाला कुणी पाठवलं होतं, असं ते दरडावून म्हणाले. मग दार लावून घेतलं आणि थेंब स्वतःच्या हातानं टाकले. नळीत दूध झालं. साहेबांनी ती उजेडाकडे धरली, खाली ठेवली आणि वर कळवलं, की सॅम्पल प्रयोगशाळेच्या माणसानं विहिरीवर जाऊन घ्यावं, हे गाव पुन्हा तपासावं. उत्तर आलं. प्रवासभत्त्याची तरतूद नाही, यादी कायम झाली आहे.

दुधात पाणी घातलं तर पकडायला कायदा आहे. गावाला जन्मभर खारं पाणी प्यावं लागलं, तर कुणाला पकडायचं हे सांगणारा कायदा मला अजून कुणी दाखवलेला नाही.

यंदाच्या अखजीला मी पुन्हा गेलो. गंगूबाईनं पितरांपुढे घागर मांडली होती, पण पाणी गावच्या विहिरीचं होतं. मी विचारलं, माहेरचं नाही आणलं का?

"आनलं. नातवासाठी ठेवलं," ती म्हणाली. "पितर ह्याच गावचे. जलमभर हेच पेले. त्यायच्यापासून काय लपवाव?"

तुमच्याही गावात बाटली येईल. तेव्हा पाहुणचार गुंडाळून ठेवा. तुमची लेकरं पितात तेच पाणी तिच्यात भरा. आणि बाटली आणणाऱ्याला ओसरीवर बसू देऊ नका. हाताला धरून विहिरीवर न्या, दोर त्याच्या हाती द्या, आणि सील लावण्याआधी त्यातला एक पेला त्याला पाजा.