हरेशपेक्षा गार मोटार

कोणाकडे नवीन काही दिसलं की लोक "अरे वा!" म्हणतात. साळवेकाका म्हणायचे, "जळालो." आधी त्या वस्तूभोवती एक फेरी मारायचे, चष्मा कपाळावर ढकलून वाकून बघायचे आणि मग, भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या सरळ आवाजात, सांगून टाकायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हरेशभाईच्या गाडीपाशी असेच वाकले होते. "लोक हेवा पोटात ठेवतात आणि मग त्यांना ॲसिडिटी होते," ते मला म्हणाले. ओळखपाळख काही नाही. "मी बोलून मोकळा होतो. माझं पोट एकदम उत्तम आहे."

गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला, एका पडीक खाचरात आम्ही काही जण रविवारी सकाळी शर्यती लावायचो. काकांचा अंबरनाथ पूर्वेला फोटो स्टुडिओ होता. मुलीने नातवासाठी घेतलेली गाडी नातवाला आवडली नाही, यांना आवडली, तिथून सुरुवात. हरेशभाई उल्हासनगरचा सिंधी, त्याचं फ्रीज आणि कूलरच्या सुट्या भागांचं दुकान. दोघंही साठीला टेकलेले, हात दोघांचेही सारखेच सफाईदार. पण जिंकायचा हरेशभाई.

सगळा घोटाळा मोटारीचा होता. दोन फेऱ्या झाल्या की ती अशी तापायची की हात लावता यायचा नाही, आणि तापलेली मोटार दम सोडते. फेऱ्यांच्या मधे आम्ही तिला पुठ्ठ्याने वारा घालायचो. एका रविवारी हरेशभाईने छोटा पंखा आणला. काका म्हणाले, "जळालो," आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्याच्याच दुकानात शिरले.

"थंड पाण्याच्या मशीनमध्ये असते ना, ती प्लेट दे."

ही प्लेट बिस्किटाएवढी, चपटी, पांढरी असते. वीज दिली की तिची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते.

"कशाला पाहिजे, साईं?"

"घरच्या मशीनला."

"तुझ्या घरी तर माठ आहे."

"फुटला."

हरेशभाईने प्लेट कागदात गुंडाळून दिली. आम्ही रस्ता ओलांडला तरी तो काउंटरवर हसत उभा होता.

काकांनी ॲल्युमिनियमचा तुकडा कानशीने घासून मोटारीच्या गोलाईला बसेल असा केला आणि तो प्लेटच्या गार बाजूला लावला. तापणाऱ्या बाजूला जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा. हा असा कूलर त्यांनी गाडीवरच चढवला. गाडी झाली जड, बॅटरी संपली अर्ध्या वाटेत, आणि हवा दमट असल्यामुळे गार धातूवर पाणी धरलं, ते ओघळून वायरींत गेलं. गाडी जागच्या जागी थांबली.

"साळवे, तेरी गाडी को पसीना छूट गया!" हरेशभाई ओरडला. सगळे हसले. मीही हसलो.

परतताना रिक्षात काकांनी गाडी मांडीवर घेतली होती. "हसू दे," ते म्हणाले. "पण हसताना त्याचे डोळे कुठे होते, पाहिलंस? कूलरवर. त्याला कळलंय, कल्पना बरोबर आहे."

मग त्यांनी कूलर गाडीवरून उतरवला. फेरी संपली की तो मोटारीला चिमट्याने लावायचा, वीज स्कूटरच्या बॅटरीची, धरलेलं पाणी फडक्याने टिपायचं. शेवटच्या फेरीत आमच्या गाड्या रेंगाळत होत्या तेव्हा काकांची गाडी नुकतीच डब्यातून काढल्यासारखी पळाली. ते जिंकले. हरेशभाई आला, त्याने मोटारीवर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. पुढच्या रविवारी तो दोन प्लेटींचा कूलर घेऊन आला. काकांनी त्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. इतका आनंदी जळफळाट मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

त्यानंतर मीही एक कूलर केला. मन लावून केला. काकांना दाखवला तेव्हा ते बसल्या जागेवरून म्हणाले, "छान आहे."

छान! तो शब्द मला आठवडाभर टोचत राहिला. दोघं एकमेकांशी भांडायचे, एकमेकांच्या वस्तूंवर टपून असायचे, आणि मी त्यांच्या मधे बसून माझी छान गाडी चालवायचो. माझ्यामुळे कोणाची झोप उडाली नाही.

पुढे हरेशभाईच्या मुलाने अहमदाबादला घर घेतलं आणि बापाला बोलावून घेतलं. दुकान बंद झालं. शेवटच्या रविवारी त्याने आपला कूलर काकांपुढे धरला. "तू ठेव, साईं."

"नको. तू तिकडे नेलास तरच मी त्याच्यावर जळत राहीन," काका म्हणाले. मग दोघंही गाड्यांची चाकं पुसत बसले, कितीतरी वेळ.

काही महिन्यांनी स्टुडिओत गेलो तर काका फोन ठेवून गुमसुम बसलेले. मला वाटलं, वाईट बातमी.

"तिकडे कोणी डॉक्टर भेटलाय त्याला," ते म्हणाले. "गाड्या पळवतो. हरेश अर्धा तास त्याच्याच गाडीबद्दल बोलत होता. म्हणे, त्याची मोटार बघून मला झोप लागली नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संजू, माझ्याबद्दल तो असं कोणाशी बोलला असेल का रे?"

"नेहमी बोलायचा, काका," मी म्हणालो. ते खरंही होतं.

त्यांचं समाधान झालं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नवा कूलर करायला घेतला. तांब्याचा. आतून पाणी फिरणारा. शर्यतीला यायचं त्यांनी सोडलं होतं, गुडघे दुखायचे. तरी रोज दुपारी शटर अर्धं ओढून तेच काम. तो पूर्ण झाला आणि महिन्याभरात काका झोपेतच गेले.

हरेशभाईला मीच फोन केला. त्याने विचारलं, "शेवटी काही नवीन केलं होतं त्याने? खरं सांग."

"केलं होतं. तांब्याचा कूलर."

"कितना ठंडा?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"नालायक," हरेशभाई म्हणाला. आवाज पार फाटला होता. "त्याच्या मुलीला सांग, कोणाला देऊ नकोस म्हणावं. मी येतो. माझा पण घेऊन येतो. बाजूबाजूला ठेवून बघू."