भावजयीवर धरलेला उपास

"डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"पाच दिस," मी म्हणाले. "उपास धरलाय."

"कुणाला विचारून?"

इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, ते चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साठतं. उलट्या, न भागणारी तहान, धाप. मला हे सगळं झालं होतं. सुई टोचली की उपास मोडतो, अशी माझी समजूत. मधुमेह असलेल्यांनो, हा शहाणपणा करू नका.

उपासाचं कारणही सांगते. माझ्या लेकीचं, रूथचं लग्न ठरलं होतं. धाकट्या भावाची बायको सुनंदा हिनं मुलाकडच्यांना सांगितलं, पोरीला फिट येतात. लहानपणी तापात एकदाच आली होती. लग्न मोडलं.

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी तयारीची सभा असते. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करायचा, मगच भाकर आणि प्याला घ्यायचा. पाळकसाहेबांनी मला सांगितलं, सुनंदासाठी उपास-प्रार्थना करा. मी एकवीस दिवसांचा उपास धरला, पण मागणं माझं होतं. तिची जीभ झडू दे, तिच्या पोरींची लग्नं मोडू देत. वैऱ्याचं भलं मागावं, हे संडे स्कूलमध्ये मीच पोरांना शिकवते. कळून-सवरून आज्ञा मोडली. सहाव्या दिवशी गावी, नांद्याला आमच्या घरात पडले, ती महाळुंग्याच्या दवाखान्यात डोळे उघडले.

आयसीयूत दोन दिवस काढले. तासातासाला साखर तपासायचे. एबीजी म्हणून तपासणी असते, मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातलं आम्ल मोजतात. फार दुखतं. दर सुईला मी सुनंदाला शिव्या घालत होते. ती बाहेर बसलीय असं नर्सनं सांगितलं, तर मी म्हणाले, "हाकला तिला. मेले का बगाया आलीय."

तिसऱ्या दिवशी वॉर्डात आणलं. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले. प्याला समोर आला आणि मला भीती वाटली. मरता मरता वाचले होते, आता पुन्हा खोटं कशाला? मी म्हणाले, "आदी सुनंदाला बोलवा."

ती पायाशी उभी राहिली. "चुकलं माजं, वन्सं. ते स्थळ माज्या भाचीला पायजे व्हतं."

सलाईन नसतं तर थोबाडीत दिली असती. "तुजं बरं व्हावं असं मला अजून वाटत न्हाई," मी म्हणाले. "पर मागते." आणि दात-ओठ खात तिच्या पोरींसाठी मोठ्यानं प्रार्थना केली. सुनंदा रडली. मला रडू आलं नाही, पण छाती जरा हलकी झाली.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. मी रूथला म्हटलं, "तू बी ये, पोरी."

रूथ खिडकीशीच उभी राहिली. "नको, आई. तू पडलीस त्या दिवसापासून तुझा उपास मी धरलाय. तू मोठ्यानं जे मागायचीस तेच मागते."

दोन दिवसांनी रिपोर्ट चांगले आले, घरी सोडलं. जीव वाचवला म्हणून देवाचे आभार मानते. पण ताट वाढते तेव्हा रूथ उठून आत जाते, आणि तिला जेव म्हणायला माझं तोंड होत नाही.