मब्रूकाचा रिकामा रकाना

नेफ्ता या वाळवंटातल्या गावाच्या पाणी-कचेरीत लझहर बावीस वर्षं कारकून होता. खजुराच्या बागांच्या पाण्याच्या पाळ्या त्याने संगणकावर साध्या मजकुरात टंकून ठेवल्या होत्या. एका ओळीत नाव, खाली बाग, खाली वार, खाली तास. वरच्या कचेरीला आता सोमवारपर्यंत त्याचा रकान्यांचा तक्ता हवा होता. यापुढे कालव्याची दारं तक्त्यावरूनच उघडणार होती. तास नाही त्याला पाणी नाही.

लझहरने डोकं लढवलं. पहिल्या नावाच्या चार ओळी स्वल्पविराम घालून एका ओळीत आणल्या, त्यासाठी दाबलेल्या कळा मॅक्रोत, म्हणजे त्याच कळा आपोआप पुन्हा दाबणाऱ्या सोयीत, नोंदवल्या आणि तेच पुढे चालू केलं. ओळी भराभर जुळत गेल्या. स्वारी मिशीत हसली.

मध्येच घोटाळा झाला. मब्रूका मावशीच्या तासाच्या रकान्यात शेजारच्या हफनावीचं नाव जाऊन बसलं आणि पुढचे सगळे एकेक घर सरकले. तिच्या नावाखाली एक ओळ कमी होती. नवऱ्याच्या आजारपणात तिची पाळी विकली गेली, तेव्हापासून उरलेले छत्तीस बागवाले आपलं पाणी संपता संपता तिच्या पाटात सोडत. वाराच्या जागी लझहरनेच लिहिलं होतं, ‘सगळ्यांकडून थोडं थोडं’.

तिची नोंद उडवली की तक्ता सरळ. बोट कळीपर्यंत गेलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारच्या नमाजानंतर त्याने चहाच्या अंगणात सगळ्यांना गाठलं. “थोडं म्हणजे किती? आकडा सांगा.”

एक म्हातारा चिडला. “अरे, दिलेल्याचा आकडा चारचौघांत सांगतात का कधी?”

“मग सोमवारपासून मावशीचं पाणी बंद. यंत्राला कुठली आली भीड?”

“दहा मिनिटं लिही माझी,” हफनावी गुरगुरला. गावातला पहिल्या नंबरचा कंजूष तो. तो दहा म्हणाल्यावर नऊ म्हणायची छाती कुणाची?

दुसऱ्या मॅक्रोने प्रत्येकाची दहा मिनिटं कापली आणि ओळीच्या शेवटी शेरा टाकला, ‘मब्रूकाला दिली’. तिचे सहा तास झाले; वाराच्या जागी त्याने मोकळा असलेला शनिवार घातला. रविवारी मावशी आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने सगळं वाचून दाखवलं.

तिने पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “माझे तास राहू देत. पण कुणी दिले ते नको रे ठेवूस. त्यांना अवघडल्यासारखं होईल.”

लझहरने तिसरा मॅक्रो नोंदवला. तो छत्तीस वेळा चालला आणि छत्तीस शेरे पुसले गेले. राहिलं एवढंच: मब्रूका, शनिवार, सहा तास.