बाराची भाकरी

पाट्यावर लसणाची चटणी वाटल्याचा वास आला की मला निवृत्तीनंतरचा पहिला आठवडा आठवतो. शिरूरला शाळेत शिक्षक होतो तोवर दहाला मी एकटाच जेवायचो, बायको मागून. तिनं ऊस तोडून मला बी.ए. केलं होतं, म्हणून ती मागं एकटी जेवते हे मला सलायचं. निवृत्त होताच मी तिला सोबत बसवलं. पण तिचा घास हातातच राहायचा. "मला भूक बाराला लागती," म्हणायची. चौथ्या दिवशी बाराला ती फडक्यात भाकरी बांधून मागच्या दारानं निघाली, तसा मीही मागं गेलो. शेजारच्या अंगणात लिंबाखाली तिघी बायका लसणाच्या चटणीच्या एका परातीभोवती बसून खिदळत होत्या. मला पाहताच पदर डोक्यावर आले, हसणं थांबलं. "गुरुजी, का म्हून उभे? बसा की," शेजारीण म्हणाली. "त्यांचं झालंय जेवण," बायको घाईनं बोलली. रोज इथंच जेवतेस का, मी विचारलं. "तुमी शाळेत लागल्यापासनं." मी घरी आलो. इतकी वर्षं एकटा मीच जेवत होतो. आजही दहाला ती माझं ताट वाढते, आणि बाराला ती निघाली की मी म्हणतो, "सावकाश ये."